पंधरा ते पन्नास : जुन्या मोटारी भंगारात कशा जातात

मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची प्रीमियर पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता पद्मिनी कागदोपत्री निवृत्त झाली. वर्तमानपत्रांनी तिचे फोटो छापले, लोकांनी आठवणी लिहिल्या. एक तरी गाडी जपून ठेवा, ही टॅक्सीचालकांच्या संघटनेची सरकारकडे केलेली मागणी त्याआधीची; तिला यश आलं नव्हतं. नव्वदच्या दशकात शहरात साठ हजारांच्या आसपास टॅक्सी होत्या आणि त्यात बहुसंख्य पद्मिनीच. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीचा कारखाना कुर्ल्यात होता. भंगाराचा मोठा बाजारही कुर्ल्यातच, सीएसटी रोडवर.

टॅक्सी ही धंद्याची गाडी, ती एक दिवस जाणारच. प्रश्न खासगी मोटारींचा आहे. कुणीतरी आयुष्यभर हौसेने जमवलेल्या पाच-दहा गाड्या मालकामागे महिन्याभरात वजनावर विकल्या जातात, हे कसं होतं? घरच्यांना कदर नाही, असं म्हणून मोकळं होता येतं. ते मला पुरतं पटत नाही. घरच्यांनी काय करावं, हे आपल्या नियमांनी बरंचसं आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

आपल्याकडे गाडी जपण्याची सवय मुळात टंचाईतून आली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण असं ठरलं की इथे गाडी खरोखर बनवायची असेल तर राहा, नुसते सुटे भाग आणून जोडायचे असतील तर नको. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. पुढची तीस वर्षं ग्राहकापुढे फियाट, अ‍ॅम्बॅसॅडर आणि स्टँडर्ड, एवढीच काय ती निवड. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबायचं, मिळाली की ती मुलाच्या लग्नापर्यंत चालवायची. आयात बंद असल्याने जुन्या मॉरिसचा किंवा हिलमनचा भाग हवा तर दुसरी मॉरिस किंवा हिलमन मोडावी लागे. तेव्हाचा भंगारवाला म्हणजे सुट्या भागांचं कोठारच. एक गाडी मरे, तिच्यावर दोन जगत.

याच काळात संस्थानिकांच्या गाड्या बाजारात आल्या. १९७१ मध्ये तनखे बंद झाले आणि राजवाड्यांच्या मोटारखान्यांतल्या रोल्स रॉइस, डेमलर, पॅकार्ड मिळेल त्या किमतीला निघाल्या. काही परदेशी गेल्या, मग निर्यातीवर निर्बंध आले. मुंबईचे उद्योजक प्राणलाल भोगीलाल यांनी अशा गाड्या विकत घेऊन अहमदाबादजवळ शंभराहून अधिक मोटारींचा संग्रह उभा केला. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक तर आजही शाही दसऱ्याला दसरा चौकात येते. या गाड्या वाचल्या, कारण त्यांच्या नावाला किंमत होती. डॉक्टर-वकिलांच्या मॉरिस मायनर, मद्रासहून आलेली स्टँडर्ड हेरल्ड, फियाट डिलाइट यांच्यासाठी भोगीलाल कुठून येणार? मराठी मध्यमवर्गाचा मोटारीचा खरा इतिहास याच गाड्यांत आहे आणि सर्वांत जास्त मोडतोड त्यांचीच झाली.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गाडी धड आहे का ते पाहावं, एवढाच तरतुदीचा अर्थ. लोकांच्या बोलण्यात मात्र तिचं 'पंधरा वर्षं झाली, गाडी बाद' असं होऊन बसलं. महाराष्ट्राने २०१० मध्ये पंधरा वर्षांवरच्या गाड्यांवर पर्यावरण कर बसवला. नूतनीकरणाचं शुल्क मोटारीसाठी ६०० रुपये होतं, ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० वर गेलं. दिल्लीत तर हरित लवादाच्या आदेशांनी आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायलाच मनाई झाली.

२०२१ मध्ये महिन्याभराच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. जुलैत केंद्राने पहिल्यांदाच व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नंबरपाटी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, नंतरच्या नोंदणीला ५,०००. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, संशोधन एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला नाही. मला हे नियम समजूतदार वाटतात. मग १३ ऑगस्टला वाहन मोडीत काढण्याचं राष्ट्रीय धोरण जाहीर झालं. जुनी गाडी अधिकृत केंद्रात द्या, नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के मोडीचे घ्या, गाडी जमा केल्याच्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या रस्ता करात खासगी वाहनाला पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत मिळवा. धोरणाशी न्यायाने वागायचं तर हेही सांगायला हवं की खासगी गाडी केवळ वयावरून मोडा असं त्यात म्हटलेलं नाही, तपासणीत नापास झाली तरच ती बाद. पण व्यवहारात सगळा ओढा एकाच दिशेने.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. पंधराव्या वर्षी गाडी संशयित होते आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षं तिला कसलंही नाव नाही. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा तीस वर्षांची गाडी ऐतिहासिक मानते. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला नंबरच्या शेवटी 'एच' मिळतो आणि करही वेगळा लागतो. ब्रिटनमध्ये हीच रेषा चाळीस वर्षांवर. अमेरिकेने २००९ मध्ये जुन्या गाड्या मोडण्यासाठी पैसे वाटले, पावणेसात लाखांहून अधिक गाड्यांच्या इंजिनांत रसायन ओतून ती कायमची जाम करून टाकली. पण योजनेत गाडी पंचवीस वर्षांपेक्षा कमी वयाचीच हवी ही अट होती, म्हणजे संग्राहकांच्या गाड्या आपोआप बाहेर राहिल्या. आपल्याकडे २००० च्या सुमारास कारखान्यातून निघालेली पद्मिनी व्हिंटेज व्हायला २०५० उजाडेल.

मुंबई-पुण्यात पस्तीस वर्षं म्हणजे काय, ते पार्किंगवरून भांडलेल्या कुणालाही विचारा. संग्राहक असतो तेव्हा गाड्या वाड्याच्या मागे, ओळखीच्या गॅरेजात, गावाकडच्या शेडमध्ये विखुरलेल्या असतात. तो गेला की वाडा पुनर्विकासाला जातो किंवा सोसायटी नोटीस काढते. आरसी बुक वडिलांच्या नावावर, कधी त्यांनाही ज्याने विकली त्याच्या नावावर. नोंदणी केव्हाच संपलेली. नूतनीकरणाला गाडी आरटीओत न्यायची, पण ती चालत नाही. चालवायची तर आधी हजारो रुपये घाला. शिवाय थकलेला पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. मुलगी पुण्यात, मुलगा न्यू जर्सीत. जुन्या मोटारींच्या क्लबचे लोक येतात, त्यातल्या एक-दोन चांगल्या निवडतात. उरलेल्यांसाठी भंगारवाला क्रेन आणि रोख रक्कम घेऊन दारात उभा असतो. गाडी उचलली जाते, चॅसी नंबरचा तुकडा कापून आरटीओत जमा होतो, नोंदणी रद्द. सोबतची सर्व्हिसची वही, टूल किट, पहिल्या खरेदीची पावती रद्दीत. एकेका गाडीला फार मोल नसेलही. पाच गाड्या मिळून एका घराचा पन्नास वर्षांचा जो हिशेब सांगतात तो मात्र फुटतो.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते चावी दिलेली पहिली मारुती ८०० दिल्लीतच होती. मालकाच्या निधनानंतर ती घराबाहेर गंजत पडली. वयामुळे रस्त्यावर आणता येईना. अखेर कंपनीनेच ती घेऊन नीट केली आणि मुख्यालयात ठेवली. देशातल्या बहुधा सर्वांत प्रसिद्ध छोट्या मोटारीची ही कथा, आणि नियमाच्या भाषेत ती २०३३ पर्यंत व्हिंटेज नाहीच.

प्रदूषणाचा मुद्दा खोटा नाही. रोज पन्नास किलोमीटर धावणारी, धूर सोडणारी जुनी गाडी रस्त्यावरून गेलीच पाहिजे. पण वर्षातून चार रविवारी बाहेर पडणाऱ्या डिलाइटला तोच नियम लावून हवा कितीशी सुधारणार? गरज आहे ती मधल्या गटाची: तीस वर्षांवरच्या गाड्यांना मर्यादित वापराची नोंदणी, आणि न चालणाऱ्या गाडीला घरी जपण्यापुरता वैध कागद.

पन्नाशीची रेषा खाली आणली तरी आणखी एक अडचण उरते. चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी व्हिंटेज नोंदणीची अट आहे. टंचाईच्या काळात लोकांनी अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवलं, जीपमध्ये मिळेल ते बसवलं, पद्मिनीला सीएनजीची टाकी जोडली. म्हणूनच त्या एवढी वर्षं चालल्या. आता मूळ इंजिन नाही म्हणून अशा कितीतरी गाड्या पन्नाशी गाठूनही त्या नंबरपाटीला अपात्र ठरू शकतात.