मुल्कोवालची बाटली

उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी गोवर-रुबेलाच्या पावडरीत द्रावक मिसळलं, की सिस्टर आधी त्या कुपीवर वेळ लिहितात. चार तास उलटले किंवा सत्र संपलं, की कुपी बाद. एकाच बाळासाठी उघडलेली असली तरी उरलेले डोस टाकून द्यायचे. धनुर्वाताची लस मात्र नीट साठवली तर उघडल्यावरही चार आठवडे चालते. हा फरक का, असं पालक विचारतात आणि तो प्रश्न अगदी रास्त आहे. धनुर्वाताच्या लसीत जंतूंची वाढ रोखणारं परिरक्षक असतं. गोवराच्या लसीत ते घालता येत नाही, कारण त्यातला जिवंत विषाणूच मरेल. पण परिरक्षक नसलेली बाटली उघडताना काय घडू शकतं, हे समजण्यासाठी माणसांना फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्याच महिन्यात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि तिथून लाखो डोस बाहेर पडू लागले. पुण्यात घरझडतीने होरपळलेल्या लोकांचा सरकारच्या कोणत्याही प्लेग-उपायावर भरवसा उरलेला नव्हता. अशा काळात लोक ही लस घ्यायला पुढे येत होते, हे विसरून चालणार नाही.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठी मोहीम आखली. लस भरपूर हवी होती आणि लवकर हवी होती. हाफकिन यांनी उत्पादनाची पद्धत बदलली. प्लेगचे जंतू उष्णतेने मारले जातच होते, म्हणून वरून घातलं जाणारं जंतुनाशक कार्बोलिक अॅसिड त्यांनी वगळलं. शास्त्र म्हणून यात चूक नव्हती. उष्णतेने निर्जंतुक झालेली सीलबंद बाटली निर्जंतुकच राहते. ती उघडल्यानंतर मात्र आतली लस पूर्णपणे उघडणाऱ्याच्या हातावर आणि हत्यारावर अवलंबून असते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. पाच बाटल्या वापरल्या. आठवड्याभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते १९ही जण दगावले. सगळ्यांना एकाच, ‘५३-एन’ क्रमांकाच्या बाटलीतली लस मिळाली होती. बाकीच्या ८८ जणांना काहीच झालं नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. दूषण बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत झालं, असा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक वगळल्याचा मुद्दा हाफकिन यांच्या विरोधात गेला. त्यांना पदावरून दूर करण्यात आलं आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

कागदपत्रांत मात्र आणखी एक गोष्ट नोंदलेली होती. त्या दिवशी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकमध्ये बुचकळला आणि वापरला. चिमटा ज्योतीवर धरून निर्जंतुक करावा, अशी लेखी सूचना होती. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी नव्हती, अशी साक्ष होती. परळमध्ये भरून ४१ दिवस उलटलेल्या बाटलीत धनुर्वाताचे जंतू आधीपासून वाढत असते, तर तिला घाण वास यायला हवा होता.

मला या सगळ्या प्रकरणात तो मदतनीस सर्वांत जवळचा वाटतो. त्याला निष्काळजी म्हणणं मला पटत नाही. चिमटा पडला हे त्याने पाहिलं आणि त्याच्या समजुतीप्रमाणे तो स्वच्छही केला. त्या पिढीसाठी कार्बोलिक म्हणजे निर्जंतुकपणाच. १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी मोडलेल्या हाडाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक लावलं, तेव्हापासून जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत त्याचाच वास भरून होता. पू करणारे बरेचसे जंतू त्याने मरतातही. धनुर्वाताच्या जंतूचं तसं नाही. मातीत, शेणात तो बीजाणूच्या रूपात असतो. बीजाणू म्हणजे जाड कवचाआड झोपलेला जंतू. कार्बोलिकमध्ये तो कित्येक तास तग धरतो, उकळत्या पाण्यातूनही वाचू शकतो. क्षणभर बुचकळल्याने त्याला काहीच होत नाही. ज्योतीने मात्र तो मरतो.

पुढे किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक डब्ल्यू. जे. सिम्पसन आणि मलेरियाचं कोडं उलगडणारे रोनाल्ड रॉस यांनी हा विषय लावून धरला. १९०७ मध्ये रॉस यांनी ‘द टाइम्स’मध्ये पत्रं लिहिली. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. ते भारतात परतले ते कलकत्त्याला, परळची प्रयोगशाळा त्यांच्याकडे परत आली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं. तीच आजची हाफकिन संस्था.

एका शास्त्रज्ञाची बदनामी पुसली गेली हे चांगलंच झालं. पण पाच वर्षं सगळा वाद दोष कोणाचा, परळचा की पंजाबचा, यावरच खर्ची पडला. एक चूक झाली तरी निभावून नेईल अशी बाटली का नव्हती, हा प्रश्न मागेच राहिला. १९२८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग इथे घटसर्पाच्या लसीच्या बाटलीत पुवाचे जंतू वाढले आणि २१ पैकी १२ मुलं दगावली. एका बाटलीतून अनेकांना लस द्यायची होती आणि तिच्यात परिरक्षक नव्हतं. त्या चौकशीनंतर परिरक्षकाचा आग्रह पक्का झाला. जिथे ते घालता येत नाही तिथे घड्याळ लावलं जातं. सिस्टर कुपीवर लिहितात ती वेळ म्हणजे हेच घड्याळ.

चिमट्याची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. वॉर्डात ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर उभ्या स्टीलच्या भांड्यात ठेवलेला लांब चिमटा, म्हणजे चीटल फोर्सेप, अनेकांनी पाहिला असेल. वर्षानुवर्षं तो जंतुनाशकात बुडवून ठेवायची पद्धत होती. द्रावण पातळ होतं, शिळं होतं, कधी वरून नुसती भर घातली जाते, आणि स्यूडोमोनाससारखे जंतू अशा द्रावणातच मुक्काम ठोकतात. ज्या चिमट्याने निर्जंतुक कापूस उचलायचा, त्याच्यामुळेच तो कापूस दूषित व्हायचा. म्हणून आता चिमटा आणि भांडं दोन्ही ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, कोरडंच ठेवायला सांगतात, वर तारीख-वेळेची चिठ्ठी लावून. ठरावीक तासांनी जोडी बदलायची. अजूनही एखाद्या ठिकाणी द्रावणाने भरलेलं भांडं दिसतं तेव्हा मला त्या मदतनिसाची आठवण येते. बुचकळलं की झालं, हा समज इतका जुना आहे.

ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसची वाफ दाबाखाली किमान १५ मिनिटं लागते. सामान गुंडाळलेलं असेल तर जास्त. पॅकवरच्या पट्टीचा रंग बदलला की ते पॅक उष्णतेतून गेलं एवढंच कळतं, आतले जंतू मेले की नाही ते कळत नाही. ते पाहायला सामानाच्या मधोमध बीजाणूंची छोटी कुपी मुद्दाम ठेवतात. उष्णतेला सर्वांत चिवट असलेल्या जातीचे बीजाणू त्यासाठी निवडलेले असतात. मग ती कुपी उबवून पाहतात, आणि शेजारी ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली दुसरी. दुसरीत जंतू वाढले आणि पहिलीत वाढले नाहीत, तरच रजिस्टरमध्ये सही होते.