सर्व्हायव्हल कथा (बालकुमार साहित्य)

सर्व्हायव्हल कथा हा साहसकथांमधलाच एक प्रकार. एखादं पोरगं किंवा पोरांची टोळी घरापासून लांब कुठेतरी अडकते, बेटावर, जंगलात, बर्फात, सोबत मोठं माणूस नाही, आणि सुटका होईपर्यंत स्वतःच्या हिकमतीवर तग धरायचा. व्हिलन असला तर असला, नसला तरी काही अडत नाही कारण खरी झुंज पाणी, विस्तव, खाणं आणि डोक्यावरचं छप्पर यांच्याशीच असते. मराठीत हे सगळं आपण सरसकट ‘साहसकथा’ या एकाच पोत्यात घालतो, पण चोर पकडणं वेगळं आणि तीन दिवस उपाशी असताना मासा पकडणं वेगळं.

उगम सांगताना सगळे ‘रॉबिन्सन क्रूसो’पासून सुरू करतात आणि ते बरोबरच आहे. डॅनियल डीफोचं हे पुस्तक १७१९ मधलं, लिहिलं होतं मोठ्यांसाठी, मुलांनी ते नंतर आपलंसं केलं. त्यामागे ज्याचं नाव नेहमी घेतात तो स्कॉटिश खलाशी अलेक्झांडर सेलकर्क कप्तानाशी भांडून १७०४ साली चिलीजवळच्या एका बेटावर राहिला, जहाज सडकं आहे बुडेल असं त्याचं म्हणणं होतं, आणि १७०९ मध्ये सुटेपर्यंत तिथे एकटाच होता, शेवटी शेवटी तर शेळ्या पळत जाऊन हाताने पकडायचा. १९६६ मध्ये चिलीने त्या बेटाला नाव दिलं रॉबिन्सन क्रूसोचं, आणि सेलकर्कचं नाव दिलं शेजारच्या भलत्याच बेटाला! पुढे १८१२ चं ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ आलं, त्यात आख्खं कुटुंबच अडकतं आणि लागेल ती वस्तू जहाजातून नाहीतर झाडावरून हजर होते, त्यामुळे धाकधूक अशी काही राहत नाही, जरा पिकनिकच वाटते.

मला विचाराल तर या प्रकारातलं पुस्तक तरतं किंवा बुडतं ते तपशिलावर. पोरं वाचताना फार बारीक लक्ष ठेवून असतात, विस्तव पेटला म्हणता तर कसा पेटला ते सांगा. आर. एम. बॅलंटाइनच्या ‘द कोरल आयलंड’ची (१८५७) फजिती यासाठी प्रसिद्ध आहे. हा माणूस पॅसिफिकमधल्या बेटांवर कधी गेलाच नव्हता, नारळ पाहिलेला तो ब्रिटनमधल्या दुकानात, सोललेला, त्यामुळे त्याने झाडावरचा नारळही तसाच लिहून टाकला, सोडणाशिवाय, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीशिवाय! कोकणातलं किंवा गोव्यातलं पोर हे वाचून फिस्सकन हसेल, कारण पहारीवर नारळ सोलताना काय घाम निघतो ते त्याने घरी बघितलेलं असतं. बॅलंटाइनला ही चूक चांगलीच लागली, नंतरच्या दीपगृहाच्या कादंबरीसाठी तो खरोखर स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या बेल रॉकच्या दीपगृहात जाऊन राहिला.

शंभर वर्षांनी विल्यम गोल्डिंगने याच पुस्तकाला उलटा जवाब म्हणून ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) लिहिलं, पोरांची राल्फ आणि जॅक ही नावंसुद्धा तीच ठेवली, फक्त त्याची पोरं बेटावर एकमेकांच्या जिवावर उठतात. गोल्डिंगला नोबेल मिळालं (१९८३), पण तोही विस्तवापाशी घसरला. पिगी नावाच्या पोराच्या चष्म्याने उन्हात जाळ करतात असं दाखवलंय आणि पिगीला तर लांबचं दिसत नसतं, म्हणजे चष्मा मायनस नंबरचा, त्या काचेने ऊन एका जागी गोळा होत नाही, उलट पसरतं. याआधीच ज्यूल व्हर्नने ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये हे नीट केलं होतं: दोन घड्याळांच्या काचा एकमेकींवर ठेवल्या, मध्ये पाणी भरलं, कडा मातीने लिंपल्या की झालं भिंग तयार.

आणि खरोखरची पोरं अडकली तेव्हा काय झालं? १९६५ मध्ये पॅसिफिकमधल्या टोंगा या बेटांच्या देशातली शाळेतली सहा मुलं कंटाळून एका कोळ्याची होडी न विचारता घेऊन निघाली, वादळात शीड गेलं, सुकाणू गेलं, वाहत वाहत ‘अता’ नावाच्या ओसाड बेटावर लागली आणि सव्वा वर्ष तिथे राहिली. कामाच्या पाळ्या लावल्या, विस्तव पेटला तो विझू दिला नाही, एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी काटक्या बांधून हाड बसवलं आणि त्याचं कामही वाटून घेतलं. १९६६ मध्ये पीटर वॉर्नर नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने त्यांना आणलं तर घरी पोचताच पोलिसांनी आत टाकलं, होडीच्या मालकाची तक्रार होती ना!

आजच्या अर्थाने मुलांसाठीच लिहिलेली सर्व्हायव्हल कथा मुख्यतः अमेरिकेत घडली. स्कॉट ओडेलचं ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ (१९६०) कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटावर १८३५ ते १८५३ अशी अठरा वर्षं एकटी राहिलेल्या आदिवासी बाईवर बेतलंय, त्या बाईला शेवटी किनाऱ्यावर आणलं तेव्हा तिची भाषा समजणारं कोणी सापडलं नाही आणि काही आठवड्यांतच ती गेली. पण सगळ्यात जास्त शाळांमधून वाचलं जाणारं म्हणजे गॅरी पॉलसेनचं ‘हॅचेट’ (१९८७). तेरा वर्षांचा ब्रायन छोट्या विमानातून वडिलांकडे चाललाय, पायलटला हार्ट अटॅक येतो, विमान कॅनडाच्या जंगलातल्या तळ्यात पडतं आणि कमरेला आईने दिलेली एक कुऱ्हाड, बस. ही कुऱ्हाड गुहेच्या दगडावर आपटून ठिणग्या उडतात तेव्हा त्याला मार्ग सापडतो, तरी विस्तव लगेच होत नाहीच. वाळकं गवत घेतो, जळत नाही. खिशातली वीस डॉलरची नोट फाडून बघतो, तीही नाही. मग बर्च झाडाची साल केसासारखी बारीक सोलत बसतो, त्यात ठिणगी धरते पण विझते, मग कळतं की फुंकायला पाहिजे. मासे मारतानाही तसंच, भाला सारखा चुकतो, कारण पाण्यात मासा दिसतो तिथे नसतो, जरा खाली नेम धरावा लागतो. शाळेत प्रकाशाचं वक्रीभवन शिकलो ते पेपरपुरतं, इथे ते जेवणापुरतं आहे.

लेखकाला आणखी एक काम करावं लागतं, मोठ्यांना गोष्टीतून बाहेर काढणं. वादळ, अपघात, वाट चुकणं हे जुने उपाय. आता मोबाइल नावाची नवी डोकेदुखी आहे, म्हणून पहिल्या काही पानांतच फोन पाण्यात पडतो, बॅटरी संपते नाहीतर रेंज जाते.

मराठीत हा प्रकार फार रुजला नाही. आपल्याकडे साहसकथा म्हटलं की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल, चौकड्यांचा शर्ट आणि ‘ट्टॉक’, पण बन्या संकटात सापडतो तो बहुतेक माणसांनी केलेल्या, आणि डोकं लढवून चोर धरून देतो, उपाशी बेटावर बसत नाही. व्हर्नची विज्ञान-साहसं मात्र भागवतांनीच मराठी मुलांपर्यंत आणली. बंगालीत बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांचं ‘चांदेर पाहाड’ (१९३७) आहे, त्यातला शंकर आफ्रिकेत तहानेने मरता मरता वाचतो, आणि लेखक आफ्रिकेत कधी गेले नव्हते, पण त्यांनी वाचून वाचून असं उभं केलंय की नारळासारखी फजिती झाली नाही.

आणि आपली हिरकणी? रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून अंधारात कडा उतरलेली गवळण, आता ही आख्यायिकाच म्हणा, पण आपल्याकडच्या बहुतेक पोरांनी ऐकलेली पहिली सर्व्हायव्हल कथा तीच असावी. फक्त ती उलटी आहे, यात मोठं माणूस अडकतं आणि लेकरू घरी वाट बघत असतं.