‘होरायझन युरोप’मध्ये स्वच्छ ऊर्जा आणि वाहन संशोधनासाठी अर्ज: आधी भागीदार, मग फॉर्म

युरोपीय संघाचा ‘होरायझन युरोप’ हा संशोधन कार्यक्रम २०२१ ते २०२७ या काळासाठी आहे आणि त्याची एकूण तरतूद सुरुवातीला सुमारे ९५.५ अब्ज युरो होती. त्यातला पाचवा क्लस्टर, म्हणजे विषयगट, हवामान, ऊर्जा आणि वाहतुकीचा. बॅटरी, चार्जिंग, कमी उत्सर्जनाची वाहनं या विषयांवरचे कॉल, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिराती, प्रामुख्याने इथे निघतात. हायड्रोजनसाठी मात्र ‘क्लीन हायड्रोजन पार्टनरशिप’ ही वेगळी यंत्रणा आहे. तिचे कॉलही वेगळे निघतात, तेव्हा शोध दोन्हीकडे घ्या.

पात्रतेची मुख्य अट भागीदारांची आहे. सहयोगी प्रकल्पात किमान तीन स्वतंत्र संस्था हव्यात, तिन्ही वेगवेगळ्या देशांतल्या. हे देश युरोपीय संघाचे सदस्य किंवा कार्यक्रमाशी करार केलेले ‘सहयोगी देश’ असावे लागतात, आणि तिघांपैकी निदान एक संस्था सदस्य देशातली लागते. एकाच मालकीच्या दोन कंपन्या ‘स्वतंत्र’ धरल्या जात नाहीत, मग त्या कुठल्याही देशांत नोंदवलेल्या असोत.

भारतातल्या विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी कॉल वाचताना एक गोष्ट नीट पाहावी. सहभागी होता येणं आणि निधी मिळणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. भारतासारख्या, सदस्य किंवा सहयोगी नसलेल्या देशातली संस्था चौथी-पाचवी भागीदार म्हणून येऊ शकते, पण पैसे तिला आपोआप मिळत नाहीत. एक वाट समन्वित कॉलची. २०२५ मध्ये कचऱ्यापासून हायड्रोजन तयार करण्याच्या विषयावर युरोपीय संघ आणि भारताने असा कॉल काढला होता. अशा व्यवस्थेत भारतीय भागीदारांच्या खर्चाची बाजू भारताचं मंत्रालय सांभाळतं. तशी सोय नसेल, तर आपला खर्च कोण उचलणार हे भागीदार शोधण्याच्या आधीच ठरवा. प्रस्ताव अर्धा झाल्यावर हा विषय काढला की सगळेच अवघडतात.

आता पैशाचं गणित. ‘संशोधन आणि नवोपक्रम’ प्रकारात पात्र खर्चाच्या १०० टक्क्यांपर्यंत निधी मिळतो. बाजाराच्या जवळ पोहोचलेल्या ‘नवोपक्रम’ प्रकारात नफा कमावणाऱ्या कंपन्यांना ७० टक्क्यांपर्यंतच मिळतो, ना-नफा संस्थांना मात्र १०० टक्के. वीज, इमारत, कार्यालय असा अप्रत्यक्ष खर्च सरसकट २५ टक्के दराने धरला जातो. काही कॉलमध्ये मात्र एकरकमी अनुदान असतं. तिथे बिलं दाखवण्याऐवजी ठरलेलं काम पूर्ण झालं की नाही यावर रक्कम सुटते, त्यामुळे कामाचे टप्पे विचारपूर्वक पाडावे लागतात. तंत्रज्ञान १ ते ९ या सज्जता-पातळीत कुठे न्यायचं, हे बहुधा कॉलमध्येच दिलेलं असतं. प्रयोगशाळेतली सेल ४ वर असताना ‘दोन वर्षांत गाडीत बसवतो’ असं लिहिणाऱ्यांना परीक्षक लगेच ओळखतात.

कागदपत्रं वाटतात तितकी नसतात. प्रत्येक संस्थेला युरोपीय आयोगाच्या निधी पोर्टलवर नोंदणी करून नऊ अंकी सहभागी क्रमांक घ्यावा लागतो. तो मोठ्या संस्थांकडे बहुधा आधीच असतो, म्हणून नवा काढण्यापूर्वी कार्यालयात विचारा. अर्जाचा ‘अ’ भाग ऑनलाइन भरायचा: संस्था, बजेट, नैतिकतेचे प्रश्न. ‘ब’ भाग म्हणजे खरा प्रस्ताव, तो पीडीएफ करून चढवायचा. पानांची मर्यादा कॉलनुसार पाहा. जास्तीची पानं परीक्षकांसमोर जातच नाहीत. सदस्य आणि सहयोगी देशांतल्या सरकारी संस्था, विद्यापीठं आणि संशोधन संस्थांकडे लैंगिक समानता आराखडा असणं बंधनकारक आहे.

भागीदारांमधला करार अर्जासोबत मागत नाहीत, म्हणून तो मागे पडतो. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यावा. निष्कर्षांची मालकी ते निर्माण करणाऱ्याची, हा मूळ नियम सोपा आहे. अडतं ते आधीच्या ज्ञानावर. बॅटरी व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर कंपनीने प्रकल्पात आणलं, तर विद्यापीठाला ते कुठवर वापरता येईल? प्रकल्प संपल्यावर काय? अशा करारांसाठी ‘डेस्का’ नावाचा नमुना सर्रास वापरला जातो. निदान त्यावर तरी अर्जाआधी एकदा एकत्र बसा.

मुदत संध्याकाळी ५ वाजता संपते, पण ती ब्रुसेल्सच्या घड्याळाप्रमाणे. भारतात तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात. मुदतीपर्यंत अर्ज पुन्हा पुन्हा सादर करता येतो आणि शेवटचाच ग्राह्य धरतात, तेव्हा आदल्या दिवशी एक प्रत चढवून ठेवा.

मूल्यमापन तीन निकषांवर होतं: उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणी. एकाच टप्प्याच्या कॉलमध्ये साधारणपणे प्रत्येकी ५ पैकी किमान ३ आणि एकूण १५ पैकी किमान १० गुण लागतात. निकाल सुमारे पाच महिन्यांत कळतो आणि निवड झाल्यास पुढच्या तीन महिन्यांत अनुदान करारावर सह्या होतात.