चवडेदुखी (चिनी पारंपरिक वैद्यक)

पायाच्या बोटांच्या मुळाशी, तळव्याच्या पुढच्या भागात होणाऱ्या दुखण्यावर चीनमध्ये परंपरेने केले जाणारे उपचार. चालताना टाच उचलली की शरीराचा भार चवड्यावर येतो. बोटांमागच्या पाच लांब हाडांच्या टोकांवर तो सतत जास्त पडला, की तिथे दुखू लागते, असे आधुनिक वैद्यक सांगते. चिनी वैद्य मात्र हाडापासून सुरुवात करत नाही. ‘जिथे वाहणे थांबते तिथे दुखते’ हे त्याचे मूळ सूत्र असल्याने शरीरभर वाहणाऱ्या ‘ची’ची, म्हणजे जीवनशक्तीची, वाट कुठे अडली, हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

या दृष्टीने चवडा ही मोठ्या वर्दळीची जागा आहे. नाडी म्हणजे इथे मनगटावरचा ठोका नव्हे, तर ही शक्ती जिच्यातून वाहते असे मानतात ती वाट. पायाच्या सहा नाड्यांपैकी प्लीहा, यकृत आणि वृक्क यांच्या नाड्या पावलापासून वर निघतात. जठर, पित्ताशय व मूत्राशय यांच्या नाड्या बोटांशी येऊन संपतात. त्यामुळे दुखण्याची नेमकी जागा महत्त्वाची ठरते. अंगठ्यालगत दुखले तर प्लीहा किंवा यकृताची, दुसऱ्या बोटापाशी जठराची आणि करंगळीच्या कडेला मूत्राशयाची नाडी तपासली जाते.

दुखण्याचा स्वभावही पाहतात. ‘ह्वांगती नेइचिंग’ या प्राचीन ग्रंथात वारा, थंडी व ओल एकत्र येऊन ‘बी’ हा अडथळ्याचा विकार होतो, असे म्हटले आहे. दुखणे जागा बदलत असेल तर वाऱ्याचा जोर. शेकल्यावर बरे वाटत असेल तर थंडीचा. पाय जड, सुजलेला वाटत असेल तर ओलीचा. सांधा लाल, गरम झाला असेल तर निदान ‘ओलसर उष्णता’ असे होते. आधुनिक डॉक्टर अशा अंगठ्याकडे पाहून आधी गाऊटची, म्हणजे युरिक आम्ल साचून होणाऱ्या सांधेदुखीची, शंका घेईल.

ॲक्युपंक्चरमध्ये सुया टोचण्याच्या जागांत ‘बाफंग’, म्हणजे ‘आठ वारे’, हा गट चवड्यासाठी विशेष वापरतात. दोन्ही पायांच्या बोटांमधल्या बेचक्यांत मिळून हे आठ बिंदू येतात. त्यांतले काही मुख्य नाड्यांवरचेच आहेत. तिसऱ्या-चौथ्या बोटांमधली बेचकी मात्र कोणत्याही मुख्य नाडीच्या बिंदूची नाही, आणि मज्जातंतू जाड होऊन जळजळ व बधिरपणा आणणारा मॉर्टनचा विकार बहुधा याच बेचक्याच्या मागे होतो. तळव्यावरचा मुख्य नाडीचा एकमेव बिंदू ‘योंगच्वान’, म्हणजे उसळता झरा. तिथे सुई फार दुखते, म्हणून पुष्कळदा नुसता दाब किंवा मोक्साचा शेक देतात. मोक्सा म्हणजे आपल्या दवण्याच्या वंशातल्या एका वनस्पतीच्या वाळल्या पानांचा कापूस.

औषधी काढ्यात पाय बुडवून बसणे हा घरगुती उपाय. काढ्यात करडईची फुले असतात, ती रक्त वाहते ठेवतात असे मानतात म्हणून. पोटात घ्यायच्या औषधांत ‘न्यूशी’ हे आघाड्याच्या वंशातले मूळ येते. ते इतर औषधांना खाली पायाकडे नेते, अशी समजूत आहे. ही दोन्ही द्रव्ये गरोदरपणी वर्ज्य मानतात. काही जुन्या लेपांत बचनागाच्या जातीची विषारी मुळे असतात, तेव्हा जखमेवर लेप लावणे धोक्याचे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना गरम काढा आणि मोक्सा, दोन्हींनी भाजल्याचे कळत नाही.

टाचदुखीवर ॲक्युपंक्चरच्या जेवढ्या चाचण्या झाल्या, तेवढ्या चवडेदुखीवर झालेल्या नाहीत. शिवाय अरुंद, उंच टाचेची पादत्राणे तशीच राहिली तर सुयांनी आलेला आराम टिकणे कठीण.

भारतात ॲक्युपंक्चर आणले ते डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून 1938 मध्ये चीनला गेले, त्यातच बसू होते. पुढे 1950च्या दशकाच्या अखेरीस ते ही विद्या शिकून कोलकात्यात परतले.