पहाटेचा वाघ आणि फोटोतले दाणे

नागपूरहून पेंचला, ताडोब्याला किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला जाणाऱ्या फोटोग्राफरची परीक्षा सफारीच्या पहिल्या अर्ध्या तासात असते. वाघ समोर, उजेड नाही. फिल्मच्या काळात ४०० एएसएचा (एएसए म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे याचं माप) रोल पुश करायचा, म्हणजे जास्त संवेदनशील समजून वापरायचा आणि डेव्हलप करताना जास्त वेळ ठेवायचा, आणि दाणेदार फोटोवर समाधान मानायचं. आज तशाच उजेडात आयएसओ ६४०० वर (आयएसओ म्हणजे तेच माप, डिजिटल कॅमेऱ्यातलं) काढलेला फोटो बिनधास्त छापता येतो.

हा फरक पडला सेन्सरमुळे, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या चिपमुळे. सुरुवात सीसीडी या सेन्सरपासून. १९६९ साली बेल लॅब्समध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी तो शोधला. २००९ च्या नोबेलमध्ये दोघांना वाटा मिळाला. स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे जातात, तसा सीसीडीत प्रत्येक पिक्सेलमधला विद्युतभार सरकत सरकत टोकाच्या ॲम्प्लिफायरपर्यंत पोचतो. फोटो छान येई, पण वाचनाचा वेग वाढवला की नॉइजही (फोटोतले दाणे) वाढे. १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांच्या चमूने प्रत्येक पिक्सेललाच ॲम्प्लिफायर देणारा सीमॉस सेन्सर पुढे आणला. २००० मध्ये कॅननने तो डी३० या कॅमेऱ्यात वापरला. २००७ चा निकॉन डी३ कॅमेरा आला आणि आयएसओ ६४०० रोजच्या वापरातलं झालं.

पुढचा टप्पा मला जास्त गमतीचा वाटतो. सेन्सरवरच्या तारांचं जाळं प्रकाशाच्या वाटेत येत होतं. मग सेन्सरच उलटा केला, तारा मागे गेल्या. सोनीने २००९ पासून असे सेन्सर विकायला काढले. फायदा सर्वांत जास्त बारीक पिक्सेलना, म्हणजे मोबाइलला.

पण प्रकाश स्वतःच अनियमित येतो. पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन (प्रकाशकण) पडत असतील तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर १ टक्का. हा नॉइज कुठल्याच सेन्सरला पुसता येत नाही. म्हणून अलीकडचे स्टॅक्ड (थरांवर थर रचलेले) सेन्सर वेगात पुढे आहेत, स्वच्छतेत फारसे नाहीत. नवी बॉडी घेण्यापेक्षा एफ/५.६ ऐवजी एफ/२.८ ची लेन्स घ्या (एफचा आकडा लहान, तेवढं लेन्सचं छिद्र मोठं), चौपट उजेड मिळेल. अर्थात खिसा परवानगी देत असेल तर!

राहिला नागपूरचा मे महिना. सेन्सर तापला की अंधारातही भार साठतो, आणि साधारण दर ६ ते ८ अंशांना तो दुप्पट होतो. १/५०० सेकंदाच्या फोटोत हे जाणवत नाही. उकाड्याच्या रात्री ताऱ्यांचा दोन मिनिटांचा फोटो काढला की रंगीत ठिपके दिसतात. त्यासाठीची सोय चालू असेल तर कॅमेरा आणखी दोन मिनिटं शटर बंद ठेवून नुसता अंधार टिपतो आणि तो मूळ फोटोतून वजा करतो.