जुन्या प्रोसेसर आणि सर्किट बोर्डातून सोनं काढणं

बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर यातून सोनं, चांदी, पॅलेडियम (प्लॅटिनमच्या जातीचा एक मौल्यवान धातू) वेगळं काढायचा हा धंदा. सोनं गंजत नाही म्हणून रॅमच्या पट्ट्यांवर आणि प्रोसेसरच्या पिनांवर त्याचा मुलामा असतो, त्याखाली निकेल, त्याखाली तांबं. चांदी बिनशिशाच्या सोल्डरमध्ये, म्हणजे भाग बोर्डाला जोडणाऱ्या कथलाच्या डाकात (साधारण ३ टक्के), आणि रिलेमध्ये (विजेवर चालणारा स्विच) सापडते, पॅलेडियम जुन्या सिरॅमिक कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा छोटा भाग).

भंगारात भाव खातात ते सिरॅमिकच्या कवचातले जुने प्रोसेसर, म्हणजे ३८६, ४८६ या जुन्या पिढ्या आणि सगळ्यांचा बाप म्हणजे १९९५ चा इंटेल पेंटियम प्रो. नंतर फायबरचे प्रोसेसर आले, मुलामा पातळ होत गेला, त्यामुळे नव्या मालात हाती फारसं लागत नाही.

व्हिडिओत हे काम झटपट दिसतं, पण खरी मेहनत सोनं सोडून बाकी सगळं घालवण्यात जाते. सोल्डरमधलं कथील राहिलं तर बाकीचे धातू विरघळवायच्या नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये त्याचा पांढरा लगदा होतो, फिल्टरमधून उतरत नाही आणि सोन्याचे कण त्यातच अडकून बसतात. तांबं-निकेल-कथील गेलं की उरलेलं अम्लराजात (३ भाग हायड्रोक्लोरिक, १ भाग नायट्रिक) विरघळवतात, जादा नायट्रिक काढून टाकतात आणि सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात, मग सोनं तपकिरी पावडर होऊन तळाला बसतं. बघणाऱ्याला तो चिखलच वाटेल, पिवळं दिसतं ते वितळवल्यावर. द्रावणात सोनं आहे का हे बघायला स्टॅनस क्लोराइडचा थेंब टाकतात, जांभळा रंग आला की आहे.

आपल्याकडे तेजाबाचं, म्हणजे अ‍ॅसिडचं, काम नवं नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळतात आणि झारेकरी तर सोनाराच्या दुकानातला केर धुवून सोनं काढायचे. पण दागिन्यात सोनं जास्त आणि भेसळ कमी, बोर्डात बरोबर उलटं, किलोभर चांगल्या बोर्डातही ग्रॅमचा थोडासा भागच. तरी खाणीपेक्षा हे बरंच, कारण खाणीच्या दगडात टनामागे काही ग्रॅम सोनं असलं तरी खाण चालते. टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांसाठी सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणं गोळा केली, त्यातून ३२ किलो सोनं निघालं. आकडा छोटा वाटतो, पण त्या ढिगात बोर्ड थोडे आणि प्लास्टिक-पत्राच जास्त असणार.

मोठे कारखाने, उदाहरणार्थ बेल्जियममधलं होबोकेनचं युमिकोर, बोर्ड भट्टीत घालतात, तिथे वितळलेल्या धातूंत मौल्यवान धातू गोळा होतात आणि पुढे शुद्ध केले जातात. धूर अर्थातच गाळूनच सोडतात. दिल्लीच्या सीलमपूरला किंवा मुरादाबादला मात्र उघड्यावर बोर्ड जाळणं, अ‍ॅसिडात बुडवणं चालत आलंय, नायट्रिकचा तपकिरी धूर थेट छातीत जातो आणि उरलेलं तांबं-शिशाचं अ‍ॅसिड गटारात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे रिसायकलरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावीच लागते, त्यामुळे घराच्या गच्चीवर ही भट्टी लावणं धोक्याचं तर आहेच, बेकायदाही आहे.