कुली लोच

कुली लोच : वामेसारखा दिसणारा पण वामेच्या नात्यातला अजिबात नसलेला, साधारण ८ ते १० सेंटीमीटर लांबीचा, तळाशी राहणारा गोड्या पाण्यातला मासा. पिवळसर-गुलाबी अंगावर काळपट पट्टे, जाडी पेन्सिलीपेक्षाही कमी, आणि दिवसभर कुठेतरी दडून बसलेला. लोच म्हणजे कोबिटिडी कुलातला मासा, आणि हे कुल ज्या गणात येतं त्याच गणात आपले रोहू-कटलाही येतात, म्हणजे नातं लावायचंच तर ते रोहूशी लागतं, भाऊच्या धक्क्यावर दिसणाऱ्या वामेशी नाही. लांबट अंग हे गाळात, पानांच्या थरात आणि वाळूत घुसून राहण्यासाठी आलेलं आहे, बास. शास्त्रीय प्रजाती (जीनस) पांगिओ, तिच्यात तीसच्या वर जाती आहेत आणि पसारा भारतापासून इंडोनेशियापर्यंत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटपासून उपनगरातल्या छोट्या दुकानांपर्यंत ‘कुली’ म्हणून जो मासा मिळतो तो याच प्रजातीतला असतो, पण नेमका कोणता, हा खरा प्रश्न आहे.

नावाचा घोळ

कुली हे नाव ऐकून आपल्याकडे स्टेशनवरचा कुली आठवतो, पण त्याच्याशी काही संबंध नाही. हे नाव हाइनरिख कूल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाचं. जन्म १७९७ चा, १८२० च्या अखेरीस आपला मित्र व्हान हासेल्ट याच्याबरोबर डच सरकारच्या कामावर जावा बेटावर पोचला, आणि १८२१ च्या सप्टेंबरात तिथल्या बाइटेनझोर्ख म्हणजे आजच्या बोगोर गावी वारला, वय जेमतेम २३. पुढे दोन वर्षांत व्हान हासेल्टही गेला. दोघांनी जमवलेले नमुने आणि चित्रं नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात पोचली आणि १८४६ मध्ये व्हालांसिएन या फ्रेंच अभ्यासकाने जावातल्या या माशाला ‘कोबिटिस कुहलीआय’ असं नाव दिलं. जर्मन उच्चारात त्या नावातला ‘ह’ मुका असतो, त्यामुळे काही जुन्याजाणत्या हौशी लोकांच्या तोंडचं ‘कुहली’ पुस्तकाला धरून असलं तरी दुकानदार जे सरळ ‘कुली’ म्हणतो तेच मूळ आडनावाच्या जास्त जवळ जातं.

प्रजातीचं नाव हा त्याहून किचकट भाग. जुन्या मत्स्यालय-पुस्तकांत हा मासा ‘अकॅन्थॉप्थॅल्मस’ नावाने सापडतो, व्हान हासेल्टने १८२३ मध्ये वापरलेलं हे नाव, अर्थ साधारण ‘काटेडोळ्या’. नाव चपखल आहे कारण प्रत्येक डोळ्याखाली एक दुटोकी काटा असतो, एरवी कातडीत मिटलेला आणि मासा घाबरला की उभा राहणारा. पण नामकरणाच्या नियमांत ते नाव टिकलं नाही, १९८७ च्या सुमारास मत्स्यतज्ज्ञ मॉरिस कोटेला यांनी व्हान हासेल्टची सगळी नावं तपासली आणि तेव्हापासून एडवर्ड ब्लाइथने १८६० मध्ये दिलेलं ‘पांगिओ’ हेच नाव चालतं. ब्लाइथ कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर होता. पांगिओ हा शब्द फ्रान्सिस हॅमिल्टन या अभ्यासकाने १८२२ मध्ये गंगेच्या माशांबद्दल लिहिताना वर्णन केलेल्या ‘कोबिटिस पांगिया’वरून आलाय आणि ते ‘पांगिया’ बहुधा बंगालकडच्या स्थानिक बोलीतलं नाव असावं. म्हणजे परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या या माशाच्या प्रजातीचं नाव आपल्या उपखंडातलं निघतं, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे म्हणून इथे जरा लांबण लावली. पांगिओ स्त्रीलिंगी धरतात, त्यामुळे जुन्या पुस्तकातलं ‘सेमिसिंक्टस’ आता ‘सेमिसिंक्टा’ झालंय, मासा तोच.

आता मुख्य मुद्दा. दुकानात ‘कुहलीआय’ म्हणून येणारे बहुतेक मासे खरे पांगिओ कुहलीआय नसतात. अलीकडचे अभ्यासक खरी कुहलीआय जावापुरतीच मानतात, आणि व्यापारातला माल बराचसा सुमात्रा, मलाया, बोर्निओकडून येतो, तेव्हा तो पांगिओ सेमिसिंक्टा असण्याचीच शक्यता जास्त, आणि प्रस्तुत नोंदीतही तेच मत ग्राह्य धरलंय. सेमिसिंक्टाचं नाव १९४० मध्ये अॅलेक फ्रेझर-ब्रनर यांनी दिलं, सिंगापूरच्या मर्लायनची, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेल्या त्या चिन्हाची, मूळ आकृती काढणारे हेच गृहस्थ. पुढे १९९३ मध्ये कोटेला आणि लिम यांनी मलाया द्वीपकल्पातल्या जातींचा आढावा घेऊन एकदम ६ नव्या जाती मांडल्या, आणि त्याआधीच्या पुस्तकांतली बरीच ओळख तेव्हापासून पुन्हा तपासून घ्यावी लागते.

ओळखायचं कसं

पट्टे मोजून जात ठरवायची सवय सगळ्यांना असते पण नुसत्या संख्येवर जाऊ नये, एकाच पिशवीतल्या दोन माशांत पट्टे कमीजास्त निघतात आणि कधी डाव्या-उजव्या बाजूचेही जुळत नाहीत. पट्टा पोटाकडे कुठपर्यंत उतरतो ते बघावं. सेमिसिंक्टा म्हणजे अर्धा कमरपट्टा, आणि खरंच पट्टे पाठीवरून निघून अंगाच्या मध्यापर्यंत येऊन थांबतात, पोट मोकळं राहतं, पुष्कळदा पट्ट्याच्या मधोमध फिकट डागही असतो. पांगिओ मायर्सीचे पट्टे रुंद, जवळजवळ पोटापर्यंत उतरलेले, मधे फिकट रंगाच्या बारीक चिरा तेवढ्या उरतात, आणि मासा अंगानेही भरलेला असतो, ही थायलंड-कंबोडियाकडची जात. पांगिओ शेल्फोर्डाय बोर्निओकडची, तिच्या अंगावर सलग पट्टे नसून वरच्या-खालच्या रांगांत तुटक ठिपके असतात. पांगिओ ओब्लाँगा पूर्ण तपकिरी ते काळी, पट्टा एकही नाही, ‘ब्लॅक कुली’ म्हणून मिळते ती हीच. पांगिओ अँग्विलारिस सगळ्यांत सडपातळ, चंदेरी-तपकिरी. पांगिओ क्युनिओव्हिर्गाटा लहानखुरी, पाचरीसारखे पट्टे.

हा मासा कुली लोच आहे की नाही हेच ठरवायचं असेल तर सोपं आहे : तोंडाभोवती मिशांच्या ३ जोड्या, डोळ्यांवर पातळ पारदर्शक कातडी, आणि पाठीवरचा पर खूप मागे, पोटावरच्या परांच्याही मागे. काटेरी ईल म्हणून जो मासा विकतात त्याला लांब सोंडेसारखं नाक असतं, पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते, लोचसारख्या मिशा नसतात, आणि तो मोठा झाला की छोटे मासे खातो. दुकानात दोन्ही एकाच टाकीत ठेवलेले असतात आणि दोन्हींना ‘ईल’ म्हणतात, त्यामुळे विचारून घेण्यापेक्षा नाक बघून घ्यावं. डोजो किंवा वेदर लोच वेगळा, तो २० सेंटीमीटरच्या वर जातो आणि त्याला थंड पाणी लागतं, मुंबईच्या मे महिन्यात त्याचे हाल होतात.

भारतातल्या जाती

आपल्याकडेही पांगिओ आहेत. पांगिओ पांगिया बंगाल-आसामकडे. पश्चिम घाटातली पांगिओ गोवाएन्सिस १९७२ मध्ये राज टिळक यांनी गोव्याच्या नमुन्यांवरून वर्णन केली. कर्नाटकातल्या कुमारधारा नदीतून २०१२ मध्ये पांगिओ अमोफिला आली, नावाचा अर्थच ‘वाळूप्रेमी’. २०१९ मध्ये केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या एका विहिरीतून पांगिओ भुजिया मिळाली, जमिनीखालच्या पाण्यात राहणारी आणि पाठीवरचा पर पूर्ण नसलेली, आणि नाव खरोखर आपल्या खायच्या भुजियावरून, कारण मासा शेवेच्या काडीसारखा दिसतो. २०२२ मध्ये केरळातूनच आणखी एक भूमिगत जात, पांगिओ पाताला. या जाती बाजारात येत नाहीत आणि येऊही नयेत, त्यांचा पसारा फार लहान आहे.

मुंबईत पाळणं

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहे. भातसा, तानसा, वैतरणाचं पावसाचं पाणी मुळात मऊ, आणि या माशांना मऊ, किंचित आम्लधर्मी पाणीच हवं असतं, सामू (पीएच) साधारण ६ ते ७. फक्त क्लोरीन काढून घ्यायचा, अँटी-क्लोरीन घालून किंवा निदान रात्रभर बादलीत एअर पंप लावून. बिल्डिंगला टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर मात्र हे सगळं लागू नाही, ते जड असतं. तापमान २४ ते २८ अंश चांगलं. हीटर बहुतेक घरांत लागत नाही, पण मे महिन्यात पाणी ३१-३२ वर जातं तेव्हा झाकणाच्या जाळीवरून पंखा सोडायचा आणि हवा वाढवायची.

तळाला वाळू, यात तडजोड नाही. दुकानात टाकीबरोबर रंगीत खडी गळ्यात मारतात, तिच्या कडांनी मिशा झिजतात आणि मासा तिच्यात घुसू शकत नाही. बारीक सिलिका वाळू धुऊन घातली की पहिल्याच रात्री मासे नाकापासून शेपटीपर्यंत आत जातात आणि नुसते डोळे वर ठेवून बसतात, हे एकदा बघितलं की खडीचा विषय संपतो. जुहू-गोराईची वाळू आणू नये, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि पाणी जड होत जातं, शंका असली तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघावं, फसफसलं तर नको.

वाळूवर बदामाची पानं. मुंबईत जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या कंपाउंडमध्ये देशी बदाम असतो आणि पानगळीत लालसर-तपकिरी पानांचा सडा पडतो, झाडावरून आपणहून गळलेलं, पूर्ण वाळलेलं पान घ्यायचं, धुवायचं आणि टाकीत सोडायचं, पाणी चहासारखं होतं, मासे पानांखाली राहतात. ज्या आवारात फवारणी झालीय तिथली पानं घेऊ नयेत. फवारणीवरून आठवलं, डासांसाठी धूर मारायला माणसं आली की एअर पंप बंद करून टाकी ओल्या चादरीने झाकावी आणि धूर पूर्ण गेल्यावरच पंप सुरू करावा, त्या औषधांतली पायरेथ्रॉइड माणसाला फारशी जाणवत नाहीत पण माशांना अतिशय घातक असतात.

एकटा किंवा दोन आणू नयेत, किमान ६, आणि ६-८ माशांना २ फूट लांबीची टाकी पुरते. एकटा मासा महिनोन्‌महिने दिसत नाही आणि लोकांना वाटतं मेला, ६ असले की एकाच नारळाच्या करवंटीखाली गुंतवळासारखे गुंडाळून बसतात. सोबत रासबोरा, छोटे टेट्रा, हनी गुरामी चालतात, सिक्लिड आणि फ्लॉवरहॉर्न कदापि नाही.

निसटणं हा यांचा मोठा धोका. झाकणाची वायर जाते ती फट स्पंजने बंद करावी. फिल्टरच्या तोंडालाही स्पंज हवाच. माझ्याकडे ७ पैकी १ मासा दिसेनासा झाला, रात्री टॉर्चवर लाल जिलेटीन लावून ३ वेळा मोजले तरी ६ च, मी हिशोब सोडून दिला आणि दीड महिन्याने कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) उघडला तर खालच्या डब्यात काळ्या गाळात साहेब जिवंत, इतरांपेक्षा जाड झालेले. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, पंख्यात सापडलेलेही मी पाहिलेत. पकडताना जाळी वापरू नये, डोळ्याखालचा काटा अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो, प्लास्टिकचा डबा आडवा धरून हळूच आत हाकलावा.

खाणं दिवे बंद झाल्यावर. तळाला जाणाऱ्या गोळ्या, फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या), नीट धुतलेले टुबीफेक्स (बारीक लाल किडे). वरचे मासे आधी सगळं संपवतात, म्हणून त्यांना आधी एका कोपऱ्यात खायला घालून मग इकडे टाकावं.

आजार म्हटलं तर मुख्यतः पांढऱ्या ठिपक्यांचा. खवले अतिशय बारीक असल्यामुळे औषध या माशाला पटकन लागतं, मॅलाकाइट ग्रीनचं औषध बाटलीवरच्या अर्ध्या मात्रेने द्यावं आणि तांब्याचं औषध टाळावं. दुकानात पोट आत गेलेला, मागच्या बाजूला सुरीच्या पात्यासारखा पातळ झालेला मासा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बरा ठेवलेला मासा १० वर्षं सहज जगतो.

पैदास घरच्या टाकीत क्वचितच होते. नराच्या छातीवरच्या परातला पुढचा काटा जाड असतो, मादी पोटाने भरते. अंडी हिरवी असतात, ठसठशीत हिरवी, आणि मादी काचेला पोट लावून चढत असली की कातडीतून ती दिसतात, पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो आजार वाटतो. काही पाळणाऱ्यांचा अनुभव असा की जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी हे मासे भर दुपारी बाहेर येऊन काचेवर वरखाली पळत सुटतात. याच काळात थोडं गार, मऊ पाणी बदलून दिलं आणि पानांचा थर जाड ठेवला तर कधीतरी काही महिन्यांनी फिल्टरच्या स्पंजात बोटाच्या पेराएवढी पिल्लं सापडतात, पट्टे तेव्हाच आलेले असतात.